मोठ्या गटातला ‘बी’चा आठवडा: तयारीची यादी

जुलैत बालवाडीच्या मोठ्या गटासाठी ‘बी’ हा विषय घेतलात तर तयारी आधीच्या गुरुवारीच सुरू करावी लागते, कारण या आठवड्याचं वेळापत्रक वाल ठरवतो. रात्रभर भिजवलेला वाल काचेचा ग्लास आणि आतला ओला टिपकागद यांच्या मधे खोचला, की मूळ दिसायला तीन-चार दिवस जातात, पावसाळी गारव्यात जास्तही. म्हणून एक ग्लास गुरुवारी संध्याकाळी लावून कपाटात ठेवा आणि दुसरा सोमवारी मुलांच्या हातून लावून घ्या. त्यांचा वाल रुसला तर बुधवारी कपाटातला बाहेर येईल. मूग मात्र उतावळा. सकाळी भिजवला, संध्याकाळी निथळून फडक्यात बांधला, तर दुसऱ्या दिवशी मोड दिसायला लागतात. अळीव ओल्या कापसावर दोन दिवसांत उगवतो, मेथीला थोडी माती आणि थोडा धीर लागतो.

वाण्याकडून आणायचं ते एवढंच: मूग, वाल, चवळी, राजमा, मेथी, अळीव आणि मुद्दाम मूठभर मूगडाळ. एका वाटीत अख्खा मूग आणि एका वाटीत डाळ, दोन्हींना सारखंच पाणी. कोणाला मोड येतील ते आधी सांगू नका. डाळ उगवत नाही हे मुलांच्या लक्षात आलं की ‘का?’ आपोआप येतो, आणि त्या एका ‘का’वर पंधरा मिनिटं छान गप्पा होतात. गोलात बसायला या वयाला तेवढी वेळ पुरे.

आता काय तयार ठेवायचं नाही. धान्य निवडून, वेगवेगळ्या डब्यांत भरून ठेवू नका. उलट मूग, चवळी, राजमा एका परातीत कालवून ठेवा. वेगळं करायचं काम मुलांचं. बोटांच्या चिमटीत एकेक मूग धरणारा हात उद्या पेन्सिल धरणार आहे, त्यामुळे मंगळवारी ठिपके जोडायची वर्कशीट नसली तरी काही अडत नाही. मोजायला चिंचोके आणि अंड्यांचा रिकामा ट्रे घ्या, प्रत्येक खळग्यात एक. रंगवायला बियांचं चित्र छापून आणू नका. भिजलेला वाल सोलून, त्याचे दोन भाग उघडून आतला चिमुकला कोंब दाखवा आणि कोरा कागद द्या. कोणी त्या कोंबाला डोळे काढेल, काढू दे.

चिकटकामासाठी मैद्याची खळ पुरते. पातळ शिजवायची, गार करायची आणि त्याच दिवशी संपवायची, पावसाळ्यात ती दुसऱ्या दिवशी आंबते. ती टिकावी म्हणून मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, पण ते विष आहे. मुलं खळ चाटतात, तेव्हा वर्गात ते नको.

‘घरून एक बी आणा’ ही चिठ्ठी आधीच्या शुक्रवारी डायरीत जायला हवी, पण मोघम लिहू नका. नुसतं ‘बी आणा’ म्हटलं की कोणीतरी गुंज आणणारच, लाल-काळी इतकी देखणी असते. ती विषारी आहे. एरंड आणि धोतराही नकोत. कोकणात असाल तर कच्च्या काजूची बी नको, तिच्या टरफलातल्या तेलाने कातडी भाजते. सीताफळाची बी डोळ्यांना वाईट. हवं ते नाव घेऊनच लिहा: आंब्याची कोय, फणसाची आठळी, जांभळाची बी, चिंचोका. अंगणात पडलेल्या कोयीला याच दिवसांत कोंब फुटलेला असतो. अशी एखादी मिळाली तर दगडावर घासून पिपाणी करून दाखवा. मग अर्धा तास दुसरं काही होणार नाही, तेवढा मोकळा ठेवा. बारीक बिया नाकाकानात जातात आणि आत ओल लागली की फुगतात. म्हणून बियांच्या टेबलाशी एका वेळी पाच-सहाच मुलं, शेजारी एक ताई किंवा मावशी, आणि धाकटी भावंडं त्या खोलीत नकोत.

कुंड्या विकत घेऊ नका. नारळाच्या करवंट्या गोळा करा, मऊ डोळ्यातून खिळ्याने भोक पाडा, म्हणजे पाणी साचून बी कुजणार नाही आणि डासही होणार नाहीत. तयार शैक्षणिक संच मागवायचा आग्रह झालाच, तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची आठवण करून द्या. १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आदिवासी मुलांची बालवाडी चालवली, तेव्हा महागड्या साधनांच्या जागी आसपास मिळणाऱ्या वस्तूच वापरल्या. आणि ‘वहीत काही लिहिलंच नाही’ असं पालक म्हणालेच, तर दारावर दोन ओळी लावा: २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा आहे, आणि त्यासाठीच्या २०२२ च्या आराखड्यात शिक्षण खेळातून व्हावं असंच म्हटलं आहे. भांडायची गरज नाही, कागद लावला की पुरते.

गुरुवारी एखाद्या आजींना सूप घेऊन बोलवा. त्या पाखडतील, मुलं फोलपटं उडताना बघतील, मग प्रत्येकाला सूप हवं असेल. चहाच्या चाळणीपासून पुरणाच्या चाळणीपर्यंत चार-पाच चाळण्या जवळ ठेवा, रांग थोडी कमी होते. आजींशी फोनवर आधी बोलून घ्या. ऐन वेळी सत्कार, हार, फोटो हे प्रकार नकोत, त्यात सूप बाजूलाच राहतं.

शुक्रवारी मोडाची उसळ. सोमवारच्या मुगाचे मोड तोवर फार लांबतात, म्हणून उसळीचा मूग बुधवारी सकाळी वेगळा भिजवा. त्याआधी घरोघरी विचारून घ्या: काही जैन घरांत मोड आलेलं कडधान्य खात नाहीत, कोणाला खोबरं किंवा दाणे चालत नाहीत. आषाढी एकादशी त्याच दिवशी आली तर उसळ गुरुवारी उरका. एकादशीला डब्यांत साबुदाणा असतो, आणि दिंडीसाठी नऊवारी नेसवून पाठवलेल्या मुलीला माती कालवायला बसवलं तर आई संध्याकाळी दारात उभी राहते.

नोंदवहीत रोज तीन-चार मुलांबद्दल एकेक ओळ लिहा, त्यांच्याच शब्दांत. ‘छान सहभाग घेतला’ लिहायचं असेल तर लिहूच नका. शनिवार-रविवारचं पाणी मावशींना जमणार आहे का ते गुरुवारीच विचारा. नसेल तर करवंट्या शुक्रवारी घरी पाठवायच्या. त्यासाठी जुनी वर्तमानपत्रं, सुतळी आणि प्रत्येक करवंटीवर मुलाने स्वतः काढलेली खूण हवी, कारण ओल्या चिठ्ठीवरचं नाव घरी पोचेपर्यंत पुसलेलं असतं.