पेटीतल्या बाळासाठी दूध कसं काढायचं अन् कसं ठेवायचं

माझ्या जावेला सातव्यातच बाळ झालं, 1400 ग्रॅमचं. लातूरला पेटीत ठेवलेलं. वाटीतलं पिवळं चिकट दूध बघून सासूबाई म्हणल्या, "खराब दिसायलंय, सांडून दे माय." अजिबात सांडू नका, तो चीक आहे, जंतूंशी लढणारी इम्युनोग्लोब्युलिन अन् लॅक्टोफेरिन त्यातच जास्त असतात. दोन-चार थेंबच येतात सुरवातीला, ते हातानं दाबून सिरिंजमध्ये धरा, पंप लावला तर नळीलाच चिकटून बसतात.

कमी दिवसाच्या बाळाच्या आईच्या दुधात पहिले काही आठवडे प्रोटीन अन् सोडियम जास्त असतं, मग हळूहळू कमी होतं. कॅल्शियम-फॉस्फरस मात्र अशा बाळाला पुरत नाही, कारण ते पोटात शेवटच्या तीन महिन्यांत हाडात साठतं अन् हे लेकरू तर त्याआधीच बाहेर आलं. म्हणून लई बारक्या बाळाला डॉक्टर आईच्याच दुधात फोर्टिफायरची, म्हणजे प्रोटीन-कॅल्शियम वाढवणारी, पुडी मिसळतात. पुडी बघून जाऊ रडायला लागली, माझं दूधच पाणचट म्हणून. तसं नसतं हो! पण पुडी मनानं घालायची नाही, माप डॉक्टरच सांगतील.

हात धुवून दिवस-रात्र मिळून आठ वेळा तरी दूध काढा, रात्रीचं चुकवू नका. सुरवातीचं पातळ येतं, फॅट शेवटच्या दुधात जास्त. वजन वाढत नसेल तर शेवटचं दूध वेगळ्या वाटीत धरायचं का ते विचारा. ठेवलेल्या दुधात साय वर येऊन कडेला चिकटते, देताना वाटी हळूच गोल फिरवायची, घुसळायची नाही.

झाकणाच्या स्टीलच्या वाटीवर चिकटपट्टी लावून तारीख-वेळ लिहा. बाहेर चार तास म्हणतात, पण आपल्याकडच्या मे महिन्यात तो हिशोब धरूच नका, लगेच फ्रिजमध्ये आत ठेवा, दारात नको, अन् 24 तासात वापरा. गावाकडून नेताना थर्मासमध्ये बर्फ. गॅसवर तापवायचं नाही, वाटी कोमट पाण्यात ठेवायची.

साधारण 34 आठवड्यांच्या आत बाळाला ओढणं-गिळणं-श्वास एकत्र जमत नाही, म्हणून आधी पोटात घातलेल्या नळीनं दूध, मग वाटी-चमचा नाहीतर बोंडलं (चोचीची छोटी वाटी). घुटी, मध काही चाटवू नका, कुणी कितीबी आग्रह करू द्या.