डिझेल हॅचबॅकचं मायलेज १५ वरून २० वर कसं आलं (माझा अनुभव)

गाडी १.३ लिटर डिझेल, पुणे-सातारा येणंजाणं, आणि मायलेज १५ च्या वर जाईचना. एअर फिल्टर बदलला, सर्व्हिसिंग केलं, पंपावरचं महागडं अ‍ॅडिटिव्हही टाकून बघितलं, काही फरक नाही. डोकं फिरायची वेळ आली होती.

मग आधी मोजायची पद्धत सुधारली. एकाच पंपावर ऑटो कट होईपर्यंत टाकी फुल, ट्रिप मीटर शून्य, पुढच्या वेळी परत तसंच फुल आणि किमी भागिले लिटर. नंतर टायर थंड असताना हवा भरली, दरवाज्याजवळच्या स्टिकरवर लिहिलेली तेवढीच.

खरा फरक पायाने पडला. मी प्रत्येक गिअर ३००० आरपीएमपर्यंत ताणायचो, आता २००० ला वरचा गिअर टाकतो, पण १५०० च्या खाली इंजिन रडवत नाही, तिथे टर्बो पुरेसा दम देत नाही. हायवेला १०० ऐवजी ८०. आणि उतारावर किंवा पुढे सिग्नल लाल दिसला की लांबूनच पाय उचलायचा, गाडी गिअरमध्येच ठेवायची, कारण तेव्हा इंजेक्टर डिझेल बंद करतात, न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच (आणि पुण्यातल्या नवले पुलाच्या उतारावर न्यूट्रलमध्ये सोडलेल्या गाड्यांचे कसे अपघात होतात ते पुणेकरांना सांगायला नको).

तिसऱ्या टाकीला ४१२ किमी, २०.१ लिटर. साताऱ्याला पोचायला वीसेक मिनिटं जास्त लागतात, ते मला चालतं.