सिंगापूरची शैक्षणिक सहल: परतीचे शेवटचे तीन दिवस कसे सांभाळावेत

सहलीतला गोंधळ बहुतेक वेळा परतीच्या तोंडावर होतो. पहिल्या दिवशी सगळेच सावध असतात. पाचव्या-सहाव्या दिवशी मुलं रुळलेली, शिक्षक दमलेले आणि वेळापत्रकात राहिलेली खरेदी कोंबलेली. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून मुलं घेऊन जाणाऱ्या सर-बाईंनी एवढं ठरवून टाकावं की परतीच्या दिवशी प्रवासाशिवाय कुठलंही काम ठेवायचं नाही.

तीन दिवस आधी पासपोर्ट

नुसती कव्हरं मोजू नका. प्रत्येक पासपोर्ट उघडा आणि नाव तिकिटाशी ताडून बघा. हे तीन दिवस आधी करायचं कारण असं की पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार द्यावी लागते, मग भारतीय उच्चायुक्तालयात इमर्जन्सी सर्टिफिकेटसाठी अर्ज करावा लागतो. ते फक्त भारतात परतण्यापुरतं चालतं. शनिवार-रविवारी कार्यालय बंद असतं, म्हणून रविवारचं विमान असेल तर ही तपासणी गुरुवारी सकाळीच उरका. प्रत्येकाच्या पासपोर्टची झेरॉक्स आणि दोन फोटो वेगळ्या पिशवीत शिक्षकांकडे असू द्या.

त्याच वेळी तिकिटावरची तारीख सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. १५ तारखेला रात्री १२.४० चं विमान म्हणजे १४ तारखेला रात्री साडेनऊला विमानतळावर हजर. या एका गोष्टीत शिकलेली माणसंही फसतात. सिंगापूर आपल्या अडीच तास पुढे आहे, त्यामुळे पालकांना मेसेज टाकताना तिथली आणि इथली अशा दोन्ही वेळा लिहा.

दोन दिवस आधी खरेदी आणि वजन

खरेदी इथेच थांबवा. एका दुकानात १०० सिंगापूर डॉलर किंवा जास्त खरेदी झाली तर पर्यटकांना जीएसटी परत मिळतो. कर ९ टक्के आहे, त्यातून थोडं सेवाशुल्क कापलं जातं. खरेदी करणाऱ्याचं वय १६ पूर्ण हवं आणि पासपोर्ट त्याचाच हवा. सगळ्या गटाची बिलं एकाच्या नावावर चालत नाहीत. वस्तू मोठ्या बॅगेत जाणार असेल तर विमानतळावर बॅग देण्याआधी जीएसटी परताव्याच्या यंत्रावर नोंद करा, कारण अधिकारी वस्तू दाखवायला सांगू शकतात. बॅग पट्ट्यावरून गेली की काय दाखवणार?

लटकवायचा वजनकाटा घरूनच न्यावा. तिकिटावर २० किलो असतील तर बॅग साडेअठरावर थांबवा, कारण विमानतळावरचा काटा आणि आपला काटा तंतोतंत जुळेलच असं नाही. हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीतलं काही चालत नाही, बाटली अर्धी असली तरी. मुलं नेमकी इथेच चुकतात. नारळ-अंड्याच्या काया जॅमची बरणी, पाणी भरलेला शोभेचा काचेचा गोळा, हेही द्रवातच मोजतात. ते कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत टाका. पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेतच. मर्यादा १०० वॉट-तास आहे. २०,००० एमएएचची नेहमीची पॉवर बँक साधारण ७४ भरते. आकडा पुसून गेला असेल तर सुरक्षा तपासणीत ती काढून घेतली जाऊ शकते.

सिंगापूरबाहेर तिथली चिल्लर बदलून मिळत नाही, मनी चेंजर फक्त नोटा घेतात. नाणी शेवटच्या रात्रीच्या जेवणात संपवा.

आदल्या रात्री खोल्या

तिथल्या प्लगला तीन चौकोनी पिना असतात, म्हणून प्रत्येक मुलाजवळ अ‍ॅडाप्टर असतो आणि तो पलंगामागच्या सॉकेटमध्ये विसरला जातो. पांढऱ्या चादरीत पांढरा चार्जर दिसत नाही, तेव्हा चादर झटकून बघा. बाथरूमच्या दाराची आतली खुंटी बघा. लॉकर रात्रीच रिकामा करून दार सताड उघडं ठेवा. ही तपासणी शेजारच्या खोलीतल्या मुलांकडून करून घ्यावी. आपलंच राहिलेलं आपल्याला दिसत नाही.

परतीचा दिवस

चाळीस मुलं असतील तर दहा-दहाचे चार गट करा आणि प्रत्येकाला कायमचा नंबर द्या. हजेरी नंबरानेच घ्या: बसमध्ये, इमिग्रेशननंतर, गेटवर, भारतात बॅगांच्या पट्ट्याजवळ. मेट्रोचं दार मिटून कुणी मागे राहिलं तर त्याने जागचं हलायचं नाही. पुढे गेलेल्यांनी पुढच्याच स्टेशनवर उतरायचं आणि एका शिक्षकाने मागे जायचं. हे मुलांकडून आधी म्हणवून घ्या.

सिंगापूरच्या चांगी विमानतळावर ज्वेल या मॉलमधला ४० मीटरचा धबधबा इमिग्रेशनच्या अलीकडे आहे. एकदा आत गेलं की तो बघायला बाहेर येता येत नाही, म्हणून हवा असेल तर बॅगा दिल्यावर लगेच पाऊण तास द्या. नंतर नको.

मुंबईला उतरून बसने येणार असाल तर बॅगा उतरण्याच्या उलट क्रमाने भरा. बेळगाव-खानापूरच्या तळाशी, मग संकेश्वरच्या, निपाणीच्या सगळ्यात वर. नाहीतर निपाणीत पहाटे अख्खी डिकी रस्त्यावर उपसावी लागते. कोगनोळी टोलनाका आला की निपाणीच्या पालकांना फोन करा. मूल पालकांच्या हाती देताना यादीवर सही घ्या, आणि शेवटचे पालक येईपर्यंत एका शिक्षकाने बेळगावात बसपाशीच थांबावं.