जुन्या स्वेटरची पिशवी

जुना लोकरी स्वेटर गरम पाण्यात धुऊन आटवायचा आणि त्याची पिशवी शिवायची. त्यासाठी जुन्या बाजारातून स्वेटर घेताना आधी लेबल बघा, ८०% तरी लोकर हवी, ॲक्रिलिक आटत नाही. लेबल नसेल तर एक धागा जाळून बघायचा, केस जळल्यासारखा वास आला की लोकर, वितळून टणक गोळी झाली की प्लॅस्टिकच समजा. मग मशीनमध्ये ६० डिग्रीला टाका, सोबत जुनी जीन्स, घासलं जातं ना त्याने. टाके दिसेनासे होईपर्यंत पुन्हा धुवा, मग तो होतो जाड नमद्यासारखा (दाबून केलेल्या लोकरी कापडासारखा), आणि कात्री लावली तरी उसवत नाही (मी घाईत एकदाच धुतला, कापल्यावर सगळा उसवला!). आता गळा-बाह्या कापा, खालची कड उलटीकडून शिवा, बाह्यांचे बंद लावा. उरलेल्या मनगटाच्या पट्ट्या चहाच्या ग्लासला मस्त बसतात.