शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी घेऊन मराठवाड्यात फिरताय? या चुका टाळा

बीडच्या वाटेवर एका टपरीवर सुशीला (मुरमुऱ्यांचा फोडणीचा नाश्ता) घेताना मी विचारलं, "दादा, सुशील्यात सुकामेवा नाही ना?" "काजू-बदाम कुठं परवडतंय ताई!" माणूस खोटं बोलला नव्हता. बशीत मुरमुऱ्यांखालून तळलेले दाणे मात्र डोकावत होते. लेकीला नेमकी शेंगदाण्याचीच अ‍ॅलर्जी.

चूक माझ्या प्रश्नात होती. आपल्याकडे शेंगदाण्याला सुकामेव्यात कुणी धरत नाही (तो खरं तर तूर-हरभऱ्याच्याच गोतातला). आता मी विचारते, "दाणे, कूट, दाण्याची चटणी, यातलं काही आहे का?" काजूचीही अ‍ॅलर्जी असेल तर त्याचं वेगळं विचारावं लागतं, कारण पनीरच्या ग्रेव्हीत तो वाटूनच टाकतात. वडापाव घेतला तर लाल सुकी चटणी आधीच नको म्हणून सांगा. तीत बऱ्याचदा दाणे असतात.

दाणे वेचून पोहे खाऊ घालणं हीसुद्धा चूकच. ज्या तेलात दाणे तळले त्याच तेलात फोडणी बसलेली असते. घाण्याचं शेंगदाणा तेल तर टाळाच; त्यात दाण्याचं प्रथिन उरतं.

सगळ्यात फसवी पाटी म्हणजे 'उपवासाचे पदार्थ मिळतील'. हलकं असेल म्हणून आपण तिकडे वळतो आणि साबुदाण्याच्या खिचडीत कूट, भगरीसोबत दाण्याची आमटी! एकादशीला आम्ही घरचे दशम्या-दही बांधून निघतो.

संभाजीनगर, नांदेडला बर्गर-पिझ्झाच्या साखळी दुकानांत जरा बरं. एफएसएसएआय म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांप्रमाणे 10 किंवा जास्त ठिकाणी शाखा असणाऱ्यांनी अ‍ॅलर्जीच्या घटकांची माहिती द्यायची असते. काउंटरवरच्या पोराला नव्हे, मॅनेजरला मागा. आइस्क्रीम मात्र नकोच, स्कूप सगळ्या डब्यांत फिरतो.

आणि "पित्त उठलंय, आमसूल लाव" म्हणून थांबू नका. खाल्ल्यावर गांध्या उठल्या आणि सोबत उलट्या, घोगरा आवाज, दम किंवा चक्कर असेल, तर ते नेहमीचं पित्त नव्हे. सेट्रिझिनच्या गोळीने खाज थांबते, श्वास मोकळा होत नाही. तिथे मांडीत अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शनच लागतं. ते सोबत कसं ठेवायचं, कधी द्यायचं, हे निघण्याआधी डॉक्टरांकडून शिकून घ्या. लगेच 108 लावा. रुग्णाला चालवू नका, आडवं करून पाय उंच ठेवा. दम लागला असेल तर बसू द्या. बरं वाटलं तरी दवाखान्यातून लगेच निघू नका, काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो.