मांजर अडली तर

गाभण मांजरीचे दिवस साधारण 63 ते 65. साठी उलटली की डॉक्टरांचा नंबर आणि रात्री येणारी गाडी ठरवून ठेवा. तालुक्याच्या दवाखान्यात सिझेरियन होतं का, हेही आधीच विचारा. पावसाळ्यात कोकणातला रस्ता ऐनवेळी हमखास दगा देतो.

व्यायच्या आधी 12 ते 24 तास ती घुटमळते, धापा टाकते, माळ्यावर चढून जागा शोधते. हे अडणं नव्हे, तिला मोकळं सोडा. जोराच्या कळा सुरू झाल्या की मात्र घड्याळ बघा. अर्ध्या तासात पिल्लू आलं नाही तर निघायचं. पहिल्या पिल्लाआधीच हिरवट-काळा स्राव आला तर वार (पिल्लाला पोटात पोसणारी, नाळेला जोडलेली गादी) सुटली आहे असं धरून तेवढंही थांबू नका. एक-दोन पिल्लं झाल्यावर ती शांतपणे पाजत असेल, तर पुढचं काही तासांनी आलं तरी चालतं. कळा देऊन थकली असेल, तर नाही.

पायाळू पिल्लं नेहमीचीच. नुसती शेपटी दिसली आणि पाय आतच दुमडलेले असले, तर ते अडकायची भीती जास्त.

पिल्लू अर्धं बाहेर येऊन अडकलं तर हात धुवा, औषधाच्या दुकानातली निर्जंतुक जेली कडेने लावा. ओलं पिल्लू निसटतं, म्हणून स्वच्छ सुती फडक्यात धरा, तेही खांद्यांच्या मागे किंवा कमरेपाशी. डोकं, शेपटी किंवा एकच पाय ओढू नका, सांधा निखळतो. कळ आली की हलकेच खाली, तिच्या मागच्या पायांच्या दिशेने ओढा. कळ ओसरली की नुसतं धरून ठेवा. दोन-तीन कळांत सरकलं नाही तर सोडा आणि दवाखाना गाठा. ऑक्सिटोसिन (कळा वाढवणारं इंजेक्शन) घरी कधीच देऊ नका: वाट बंद असताना कळा वाढल्या तर गर्भाशय फाटतं.

बाहेर आलेल्या पिल्लावरची पिशवी आईने लगेच फाडली नाही तर तुम्ही फाडा. नाक-तोंड पुसा, टॉवेलने पाठ जोरात चोळा. उलटं धरून झटकू नका. नाळ पोटापासून दोन-तीन सेंटिमीटरवर उकळलेल्या दोऱ्याने बांधा, गाठीपलीकडे कापा, टोकाला बेटाडीन लावा. डेटॉल, फिनेल मांजरांना विषारी, खोक्याच्या आसपासही नको.

पडलेली प्रत्येक वार मोजा, पिल्लामागे एक. ती खात असेल तर खाऊ द्या, पण मोजदाद ठेवा आणि एखादी कमी वाटली तर डॉक्टरांना सांगा.

पडवीत खोका जमिनीवर ठेवलात तर मुंग्या नवजात पिल्लांना फोडून काढतात. स्टुलावर ठेवा, पाय पाण्याच्या वाट्यांत. दवाखान्यात नेताना झालेली पिल्लंही बरोबर घ्या, कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली शेजारी ठेवून. गार पडलेलं पिल्लू दूध ओढत नाही.