शिजलेला पास्ता: किती घ्यायचा आणि कशासोबत खायचा

पास्त्याच्या पाकिटावरचे आकडे बहुधा कोरड्या पास्त्याचे असतात, ताटात येतो तो पाणी पिऊन फुगलेला. हिशेब चुकतो तो इथेच. 100 ग्रॅम कोरड्या पास्त्यात सुमारे 370 कॅलरी असतात, पण शिजल्यावर त्याचं वजन 220 ते 240 ग्रॅम भरतं. म्हणून 100 ग्रॅम शिजलेल्या साध्या पास्त्यात साधारण 158 कॅलरी, 31 ग्रॅम कर्बोदकं, जवळजवळ 6 ग्रॅम प्रथिनं आणि जेमतेम 2 ग्रॅम तंतू. तेवढ्याच पांढऱ्या भातात 130 कॅलरी, पण प्रथिनं 3 ग्रॅमच्या आत.

मोठ्या माणसाला 65 ग्रॅम कोरडा पास्ता पुरतो. तो शिजून 150 ग्रॅम होतो. मोजायचा तो कोरडाच. आणि तो भाताच्या जागी खायचा. पास्ता खाऊन वर कालवण-भात घेतला तर पिष्ट दुप्पट होतं.

घेताना पाकिटावर घटक वाचा. ड्युरम या कठीण जातीच्या गव्हाचा रवा हवा. मैद्याचा पास्ता लवकर गळतो. 100 ग्रॅमला एक लिटर पाणी खळखळून उकळा, चमचाभर मीठ घाला आणि पाकिटावरच्या वेळेच्या एक मिनिट आधी एक तुकडा तोडून बघा. मधोमध पांढरा ठिपका दिसला की आच बंद. ड्युरममधलं ग्लुटेन हे चिकट प्रथिन पिष्टाला जाळ्यासारखं धरून ठेवतं, म्हणून साखर रक्तात सावकाश उतरते. जास्त शिजवलं की ही पकड सैल पडते. मधुमेह असलेल्यांनी हे मिनिट पाळावंच. निथळण्याआधी वाटीभर पाणी काढून ठेवा, ते सॉसमध्ये घातलं की सॉस मिळून येतो.

खरी गडबड सॉसमध्ये असते. नारळाच्या जाड दुधाची एक वाटी म्हणजे तीनशेच्या वर कॅलरी, ताटातल्या पास्त्याहूनही जास्त! त्यापेक्षा दुसरं, पातळ दूध वापरा. चौघांच्या 260 ग्रॅम पास्त्याला 300 ग्रॅम सोललेली कोलंबी, तीन टोमॅटो, मूठभर शेवग्याचा पाला आणि दोन चमचे तेल पुरे. कोलंबी तीन मिनिटांत होते, पुढे चिवट. कोलंबीऐवजी तिसऱ्या (शिंपले) घेतल्या तर मीठ निम्मं करा, त्यांचं पाणी मुळातच खारट असतं. नारळाचं दूध घातलं असेल तर आगळ (कोकमाचा आंबट रस) आच बंद केल्यावर घाला, उकळीत घातलं की दूध फाटतं.

किनाऱ्यावरच्या दमट उकाड्यात उरलेला पास्ता ओट्यावर तासाभराहून जास्त ठेवू नका. पसरट भांड्यात निववून लगेच फ्रिजमध्ये. बॅसिलस सेरियस नावाचा जीवाणू त्यात वाढला तर त्याचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही, वासही येईलच असं नाही. पावसाळ्यात रात्रभर वीज गेली असेल, तर सकाळी तो डब्यात भरू नका, टाकून द्या.